मधला थांबा

(१९७६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, बार्शी येथे डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तेव्हा मी हसलो. आपल्यातला एक जण हृदयावर बोलला, एकीने बचतगटांवर सांगितलं, सरांनी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या उलगडल्या. आणि मला सांगितलं, ‘तू बाबा विमानतळांवर बोल. अमेरिकेला जाताना मध्ये कुठे उतरावं ते सांग. निम्मी बॅच तिकडेच चाललीय.’ खरंच आहे ते. काल रात्री जेवताना मी मोजलं. त्रेचाळीस जणांपैकी एकवीस जणांची मुलं परदेशात आहेत. दहावीत आपल्या वर्गातल्या किती जणांनी मुंबई पाहिली होती, ते मात्र विचारू नका.

मी पुण्यात बत्तीस वर्षं तिकिटांचा धंदा केला. आता मुलगी बघते. तेव्हा हे जे सांगणार आहे ते पुस्तकातलं नाही, गिऱ्हाइकांचे फोन घेऊन घेऊन कळलेलं आहे. शिव्याही त्यात आल्या.

पण गाडी बदलणं म्हणजे काय, हे बार्शीच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. आपली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट, १८९७ साली सुरू झालेली. मुंबईला जायचं तर तिने कुर्डुवाडीला जायचं, तिथे मोठी गाडी पकडायची. माझे वडील नेहमी आधीची गाडी पकडायचे. मग आम्ही चार-चार तास कुर्डुवाडीच्या फलाटावर वळकट्यांवर बसून राहायचो. आई दशम्या सोडायची. मी आणि दादा कुरकुर करायचो की नंतरच्या गाडीने आलो असतो तरी चाललं असतं. वडील काही बोलायचे नाहीत, घड्याळाला किल्ली द्यायचे. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत येणार आहे.

आता भूगोलाच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो. बाईंनी आठवीत पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून दाखवला होता. मुंबईवर एक टोक धरलं, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा ताणला. आम्हाला वाटलं होतं तो अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा सरळ जाईल. तो गेला वर, मध्य आशियावरून, रशियावरून, आणि मग कॅनडातून खाली उतरला. मला तेव्हा ती जादू वाटली. पुढे आयुष्यभर त्याच दोऱ्यावर पोट भरलं.

त्या दोऱ्याने गेलं तर मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. आता गंमत बघा. लंडनला उतरून गेलात तर पावणेतेरा हजारांच्या आसपास. फ्रँकफर्टने गेलात तरी तेवढंच. दुबईने किंवा इस्तंबूलने गेलात तर तेरा हजारांच्या थोडं आत. म्हणजे कुठेही थांबा, फरक दोन-चारशे किलोमीटरचा, विमानाला अर्धा तास. ‘दुबई म्हणजे उलटा फेरा’ असं म्हणणारे नकाशा सपाट समजतात. सिंगापूरवरून न्यूयॉर्क मात्र खरा फेरा आहे, एकोणीस हजारांच्या वर जातो. सॅन फ्रान्सिस्कोला सिंगापूरवरून जाणारे बरेच आहेत, तिथेही साडेतीन-चार हजार किलोमीटर जास्त पडतात. ऑस्ट्रेलियाला जायचं असेल तर सिंगापूरसारखं ठिकाण नाही.

अंतर सारखं, मग निवड कशावर करायची? बहुतेक जण किंमत बघतात आणि एकूण तास बघतात. मुलं तिकडून मोबाईलवर तिकीट काढतात, वरची दोन तिकिटं स्वस्त आणि कमी तासांची दिसतात, त्यातलं एक दाबतात. मुलं तीस-पस्तीस वर्षांची आहेत. पाठीवर पिशवी टाकून पळतात. त्यांच्या पायांनी तुमचं तिकीट निघालेलं असतं.

मी स्वतः हेच केलं, आणि तेव्हा मी या धंद्यात चौदा-पंधरा वर्षं काढलेली होती. ते आधी सांगतो, म्हणजे बाकीचं मी का सांगतोय ते कळेल.

माझा दादा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आपल्या शाळेत पुढे होता, जुन्या अकरावीच्या बॅचचा. गणिताच्या सरांचा लाडका. तो पिट्सबर्गला होता. डिसेंबर २००६ मध्ये वहिनीचा फोन आला की डॉक्टरांनी दिवस सांगितलेत, आईला घेऊन या. आईचा व्हिसा होता, ती आधी एकदा जाऊन आली होती. वय बहात्तर, गुडघे गेलेले. मी रात्री ऑफिसात बसलो आणि जागा शोधायला लागलो. नाताळच्या आधीचा आठवडा, विमानं खच्चून भरलेली. शेवटी दोन पर्याय उरले. एक युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावरून वॉशिंग्टन आणि पुढे पिट्सबर्ग, मधला वेळ पासष्ट मिनिटं. दुसरा वेगळ्या विमानतळावरून, मधे चार तास वीस मिनिटं थांबायचं, पिट्सबर्गला तीन तास उशिरा पोहोचायचं. मी पहिला घेतला. तीन तास वाचत होते ना.

मुंबईहून विमान चाळीस मिनिटं उशिरा उठलं. वाटेत त्यातली दहा-पंधरा भरून निघाली. उतरलो तेव्हा हातात चाळीस मिनिटं होती. आईसाठी खुर्ची सांगितली होती, ती आली, पण दहा मिनिटांनी. पुढे बस, मग परत तपासणीची रांग. आणि त्या वर्षी नोव्हेंबरपासून युरोपात शंभर मिलिलिटरचा नियम नुकताच लागला होता, त्यामुळे प्रत्येक जण पिशवीतून बाटल्या काढून वाद घालत होता. आमच्या पुढे वीसेक माणसं. आईच्या पिशवीत दादासाठी घरचं तूप होतं, लहान बरणी, भगवंताचा प्रसाद आणि शेंगाची चटणी. चटणी आणि प्रसाद पुढे गेला, तूप राहिलं. ती त्या माणसाला मराठीत सांगत होती की हे औषध नाही, तूप आहे, माझ्या मुलाला द्यायचंय. मी तिचा हात ओढत होतो. दारापाशी पोहोचलो तेव्हा विमान समोर उभं होतं, पण दार बंद झालेलं.

त्या कंपनीचं वॉशिंग्टनला रोज एकच विमान. बाकीच्या सगळ्या विमानांत जागा नाही. बाहेर हॉटेलात जायला युरोपचा व्हिसा हवा, तो आमच्याकडे नव्हता. खुर्ची ढकलणारा मुलगा दुसऱ्या कामाला गेला. आई रात्रभर त्या लोखंडी बाकांवर बसून होती, झोपता येऊ नये म्हणून मधे हात लावलेले असतात तसले बाक. पिट्सबर्गला ठरल्या वेळेपेक्षा तेवीस तास उशिरा पोहोचलो. दादा त्याच्या सहा तास आधी गेला होता.

दुसरं तिकीट घेतलं असतं तर आई वीस तास आधी पोहोचली असती. हे गणित मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ते येत होतं. परत आल्यावर एकदाच म्हणाली, ‘तुझे वडील असते तर आधीच्या गाडीने गेलो असतो.’

असो. आता कामाचं बोलतो.

पासष्ट मिनिटांचं तिकीट कुणी विकलं कसं, असं तुम्ही विचाराल. प्रत्येक विमानतळाचा एक किमान वेळ ठरलेला असतो, एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढायला लागणारा. कुठे पाऊण तास, कुठे एक, कुठे दीड. तुमचं सगळं तिकीट एकत्र असेल तर त्यापेक्षा कमी वेळ असलेली जोडी संगणक विकतच नाही. म्हणून लोकांना वाटतं, विकलं म्हणजे जमत असणार. तो आकडा वेळेवर आलेल्या विमानाचा आहे, धडधाकट माणसाचा आहे, आणि रस्ता माहीत असलेल्याचा आहे. सत्तरीच्या माणसाला, पहिल्यांदा जाणाऱ्याला, खुर्ची लागणाऱ्याला मी तीन तास धरतो. चार असले तर जास्त बरं. पाचाच्या पुढे मात्र शिक्षा होते, विशेषतः रात्री.

दुसरी गोष्ट, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि कुणीच विचारत नाही: हे विमान चुकलं तर पुढचं कधी? मोठ्या थांब्याचा खरा उपयोग हा. दुबईहून न्यूयॉर्कला दिवसात एकापेक्षा जास्त विमानं जातात, लंडनहून तर कितीतरी. तिथे चुकलं तर काही तासांनी बसवतात. पण त्याच दुबईहून एखाद्या लहान शहराला दिवसातून एकच असेल, तर चुकल्यावर चोवीस तास. तिकीट काढण्याआधी मुलाला एवढंच विचारा, ‘त्या गावाला त्या ठिकाणाहून दिवसाला किती गाड्या आहेत?’ तो आधी हसेल. मग बघेल. फ्रँकफर्टला तर रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उडवायलाच बंदी आहे, २०११ पासून. युरोपात बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने असंच. संध्याकाळचं शेवटचं विमान चुकलं की मुक्काम नक्की. आपली युरोपची विमानं मुंबईहून रात्री एक-दोन-तीनच्या अडनिड्या वेळेला निघतात त्याचं एक कारण हेच. पहाटे तिकडची दारं उघडतात, तेव्हा पोहोचायचं आणि सकाळच्या अमेरिकेच्या विमानांत बसायचं. म्हणून युरोपवरून जायचं तर सकाळी पोहोचणारं घ्या. पूर्ण दिवस हाताशी राहतो.

तिसरं, मुक्कामच पडला तर बाहेर पडता येईल का? म्हणजे व्हिसा. वैध अमेरिकन व्हिसा असेल तर युरोपात आणि इंग्लंडमध्ये विमानतळाच्या आतून बदलून जायला सहसा वेगळा व्हिसा लागत नाही. पण आतून जाणं वेगळं आणि बाहेर पडणं वेगळं, ते आम्ही एका रात्रीत शिकलो. आणि एक सापळा सांगतो, यात माझी तीन गिऱ्हाइकं मुंबईलाच अडकली आहेत. युरोपात एकदा बदललं तर ठीक. पण मुंबई–म्युनिक–लिस्बन–बोस्टन असं दोनदा बदललंत, तर म्युनिक ते लिस्बन हा त्यांच्या दृष्टीने घरातल्या घरातला प्रवास, म्हणजे तुम्ही युरोपात शिरलात. शेंगेन व्हिसा नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच परत पाठवतात. स्वस्त तिकिटांत असली दोन टप्प्यांची खूप असतात. हे नियम बदलत राहतात, तेव्हा त्या त्या वेळी दूतावासाच्या पानावर बघून घ्यायचं, शेजाऱ्याच्या अनुभवावर जायचं नाही. शेजाऱ्याचा पासपोर्ट अमेरिकन असतो आणि तो सांगत नाही.

आता अमेरिकेच्या बाजूचं. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे सगळं होतं. इमिग्रेशनची रांग, सामान पट्ट्यावरून उचलायचं, कस्टममधून बाहेर काढायचं, परत पुढच्या विमानासाठी द्यायचं, आणि परत सुरक्षा तपासणी. सामान मुंबईला ‘शेवटपर्यंत’ टॅग केलं असलं तरीही. शिकागोला तर परदेशी विमानं बहुतेक पाच नंबरच्या टर्मिनलवर आणि आतली विमानं दुसऱ्या टर्मिनलांवर, मधे छोटी रेल्वे. चौदा तास बसून उतरलेल्या माणसाने दोन तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा ओढत हे करायचं. म्हणून माझा नियम असा की बदलायचं ते अमेरिकेच्या बाहेर बदला. मुलाच्या गावाला जिथून सरळ विमान जातं, तो थांबा शोधा. बोस्टन, शिकागो, डॅलस, ह्यूस्टन, सिअॅटल, वॉशिंग्टन या सगळ्यांना आखातातून सरळ विमानं आहेत. डेन्व्हर किंवा डेट्रॉइट असेल तर फ्रँकफर्ट बघा. पिट्सबर्गला २०१९ पासून लंडनहून सरळ विमान आहे. आम्हाला २००६ मध्ये ते नव्हतं.

अबुधाबीची गोष्ट निराळी आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारीच बसतात. इमिग्रेशन, कस्टम, सगळं अबुधाबीलाच उरकतं, आणि अमेरिकेत तुम्ही मुंबई–नागपूर विमानातून उतरल्यासारखे उतरता. पट्ट्यावरून बॅग घ्या आणि बाहेर या, नातू उभा असेल. आयर्लंडमध्ये डब्लिन आणि शॅननलाही ही सोय आहे. यात एक पथ्य: ती रांग अबुधाबीत लागते, आणि तुमचं सामान मागच्या विमानातून उतरून त्यांच्या संगणकावर दिसेपर्यंत बसवूनही ठेवतात. म्हणजे तिथे दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास ठेवा.

प्रवासाची वाटणी कशी होते तेही बघायचं. आखातातून गेलात तर तीन तास आणि मग एका दमात तेरा-चौदा तास. युरोपातून गेलात तर नऊ आणि आठ-नऊ. एकूण तेच, पण ज्याला पाय सुजण्याचा त्रास आहे, ज्याची पाठ धरते, ज्याला डॉक्टरांनी फार वेळ बसू नका सांगितलंय, त्याने मध्यावर उतरलेलं बरं. मधुमेहवाल्यांनाही जेवणाच्या वेळा सांभाळायला ते सोपं जातं. उलट, ज्याला एकदा झोप लागली की लागते, त्याने तीन-चौदा घ्यावं. सकाळी आपले डॉक्टर मित्र मला म्हणाले की प्रत्येकाने दर दोन तासांनी उठून चालावं. ते दोन्हीकडे लागू.

इमारतही बघा. दोहाला सगळं एका छपराखाली आहे, चालणं आहे पण चुकणं नाही. इस्तंबूलचा नवा विमानतळ देखणा आहे आणि अफाट आहे, गुडघेवाल्यांनी खुर्ची सांगितल्याशिवाय जाऊ नये. दुबईला एकाच कंपनीची दोन्ही विमानं तीन नंबरच्या टर्मिनलवर असली तर सुखाचं, पण त्यातलं एक विमान दोन नंबरवरचं असलं तर ते धावपट्टीच्या पलीकडे आहे, बसने जावं लागतं. लंडनला हीथ्रोवर टर्मिनल बदलायचं म्हणजे बस आणि परत तपासणी. तिकिटावर विमानतळाच्या पुढे टर्मिनलचा आकडा असतो, बारीक अक्षरात. तो उतरायचा आणि चढायचा सारखा आहे का, एवढं पाहिलंत तरी निम्मं काम झालं. हेच आपल्या मुंबईलाही लागू. नागपूरहून किंवा हैदराबादहून येऊन पुढे जाणार असाल आणि ते विमान टी-वनला उतरणारं असेल, तर टी-टूला रस्त्याने जावं लागतं, विलेपार्ले-अंधेरीच्या गर्दीतून. आणि बार्शीहून येणाऱ्यांनो, तुमचं पहिलं कनेक्शन बार्शी ते मुंबई हेच आहे. खंडाळ्याच्या घाटात ट्रक उलटला तर कुठलीही विमान कंपनी थांबत नाही. आदल्या दिवशी पुण्याला या. माझ्याकडे उतरा, जागा आहे.

ऋतूचंही असतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवरून जाऊ नका, धुकं. त्याच महिन्यांत शिकागो आणि नेवार्कला बर्फ, तेव्हा पर्याय असेल तर दक्षिणेकडून शिरा. दुबईत कधी काही होत नाही असं म्हणायचो, तर या वर्षी १६ एप्रिलला असा पाऊस पडला की १९४९ पासूनच्या नोंदींत तसला नव्हता. विमानतळावर पाणी, आणि कित्येक दिवस विमानांचा घोळ. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने एप्रिलातच युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद केलं होतं. तेव्हा माझ्या फोनची घंटा वाजायची थांबली नव्हती. अशा वेळी कुणाचंच चालत नाही, पण एका तिकिटावर सगळा प्रवास असेल तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. युरोपातल्या विमानतळावरून निघणारं विमान असेल तर जेवण आणि राहण्याची सोय कायद्यानेच करावी लागते, शिवाय कंपनीच्या चुकीने फार उशीर झाला तर सहाशे युरोपर्यंत भरपाईसुद्धा. इंग्लंडचाही तसाच कायदा आहे. मागावी लागते. आपण मागत नाही.

आणि हे ‘एका तिकिटावर’ शब्द जरा ठळक ऐका. मुंबई–लंडन एका कंपनीचं आणि लंडन–बोस्टन दुसऱ्याचं, वेगवेगळं काढून जोडलेलं, हे स्वस्त दिसतं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं. सामानही आपलं आपण बाहेर जाऊन उचलायचं, म्हणजे पुन्हा व्हिसा. माझ्या दुकानात मी असं जोडतिकीट ज्येष्ठांना विकलं नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने हट्ट केला तेव्हा त्याच्याकडून लिहून घेतलं.

खुर्चीबद्दल बऱ्याच जणींनी काल विचारलं. लाजू नका. चालता येतं पण लांब नाही, यासाठी वेगळा प्रकार आहे. पायऱ्या चढता येत नाहीत यासाठी वेगळा. अजिबात चालता येत नाही यासाठी तिसरा. तिकीट काढतानाच, निदान अठ्ठेचाळीस तास आधी, नेमका प्रकार सांगायचा. आणि चालता येतं पण इंग्रजी येत नाही, घाबरायला होतं, तर खुर्ची न मागता नुसती सोबत मागता येते, तीही बऱ्याच कंपन्या देतात. आपल्या गावच्या कितीतरी आया खुर्चीत बसून गेल्या आहेत ज्या एरवी भगवंताला रोज पायी प्रदक्षिणा घालतात. त्यात काही पाप नाही, पण एक माणूस उशिरा येतो तेव्हा त्या बाईला उठून चालता येत असतं आणि ती बसून राहते.

खाण्याचं एक सांगून थांबतो. लोणचं, तूप, मुरांबा, गुळाचा पाक, हे सगळं त्यांच्या लेखी द्रव आहे. मोठ्या बॅगेत टाका, हातात नको. मधल्या विमानतळावर परत तपासणी होते, मुंबईला सोडलं म्हणजे पुढे सोडतील असं नाही. आणि अनारसे नेणाऱ्यांनी ऐका, खसखस अमिरातींमध्ये आणि सिंगापूरला बंदी असलेली वस्तू आहे. नुसतं विमान बदलताना बॅग थेट पुढे जाते तेव्हा सहसा कुणी बघत नाही, पण विमान चुकलं आणि सामान घेऊन दुबईत बाहेर पडावं लागलं तर? अनारसे तिकडच्या पटेलांच्या दुकानात मिळतात. नसतील आपल्यासारखे.

हे सगळं सांगत असताना सकाळी बाईंनी पर्समधून त्यांचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, मे महिन्यात नातीच्या पदवीदानाला बोस्टनला निघाल्यात, एकट्या. बाई, तुमची परवानगी आहे म्हणून सांगतो. तिकिटं दोन आहेत, दोन कंपन्यांची. मधे लंडनला दोन तास दहा मिनिटं, टर्मिनल बदलून. खुर्ची सांगितलेली नाही. मी बाईंना विचारलं की त्रास कशाचा होतो, बसण्याचा की उभं राहण्याचा? म्हणाल्या, ‘बसायला मी दोन दिवस बसेन रे, पेपर तपासलेत आयुष्यभर. उभं राहवत नाही.’ म्हणजे रांग टाळायची. अबुधाबीहून बोस्टनला या वर्षीच सरळ विमान सुरू झालंय. एकच तिकीट, मधे साडेतीन तासांचं बघतो, खुर्चीसह. बोस्टनला रांग नाही. पहिलं तिकीट रद्द करताना काही पैसे जातील, ते किती ते उद्या कळेल. बाई, तुमच्या नातवाचा नंबर मला लिहून द्या, तिकडे सकाळ झाली की मीच त्याच्याशी बोलतो. पदवीदान तेवीस तारखेला आहे ना? मग आपण एकोणिसाव्या तारखेचं काढू.